तिसरा पट्टा

६ जून

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला या घरात तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. माझा कालचा रविवार गेला. चोरीला गेला असता तर निदान तक्रार नोंदवता आली असती. पण तो तुझ्या आईनं दिवसाढवळ्या, एकेक सुई करून नेला. मी वरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडलं की खालून हाक, सुई ओवून द्यायला ये म्हणून. गेलो, ओवली, वर आलो, अग्रलेखाच्या दुसऱ्या ओळीत पोचलो, की पुढची सुई. काळा दोरा, मग लाल, मग परत काळा. आठवडाभर मी विमा कंपनीत बसून लोकांना नकाराची पत्रं लिहितो. ज्यांचं छप्पर उडालं त्यांना अत्यंत खेदपूर्वक कळवतो की छप्पर उडणं वेगळं आणि छप्पर पडणं वेगळं. एवढं परोपकारी काम करणाऱ्याला एक दिवस सुट्टी नको? शेवटी आमच्यात तह झाला. सोमवार ते शनिवार मी कामावर निघण्याआधी सुया ओवून तिची ती टोचायची उशी भरून ठेवणार. रविवारी माझ्या हाताला सुई लागणार नाही. ताईनं मान्य केलं, पण अशा चेहऱ्यानं, की रविवारच्या सुया तिनं माझ्या नावावर उधार मांडल्यात हे मला तिथंच कळलं.

दुसरी तक्रार टेबलाची. पदवीदानाचे झगे शिवायचा हंगाम आलाय, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर काळं कापड पसरलंय. मी ओट्याशी उभा राहून जेवतो आणि हे पत्र इस्त्रीच्या फळीवर लिहितोय. अक्षर वाकडं दिसलं तर फळी हलली असं समज.

यंदा एक नवल आहे. तुझा झगा पिशवीतून बाहेर निघाला. तुला आठवत असेल, तुझ्या आईला विद्यापीठ पुस्तकातून कळत नाही, बाहीतून कळतं. पहिल्या पदवीच्या बाहीला लाल मखमलीचा एक पट्टा, दुसरीला दोन, डॉक्टरेटला तीन. शिवाय आतून अस्तर, कारण एवढी वर्षं शिकल्यावर माणसाला थंडी वाजते असा तिचा सिद्धांत आहे. तू चार वर्षांची पहिली पदवी घेऊन, दुसरी वगळून, थेट तिसरीला लागलीस तेव्हा तिनं शिवणाचा हिशेब केला: पहिली चार वर्षांची, दुसरी दोनची, म्हणजे तिसरी एकची, वर जाईल तसं निमुळतं. त्याच आठवड्यात झगा कापून मोकळी झाली. मी म्हटलं होतं की बाई, कोणाला विचारून तरी घे. तर म्हणाली, मनगटाकडे जाताना घेर वाढलेली सदऱ्याची बाही तू कधी पाहिलीस का. त्याला आता पाचवं वर्ष चालू आहे. तेव्हा तू अभ्यासतेस त्या दगडफुलांना जरा घाई करायला सांग. वर्षाला नखाएवढी वाढणारी ती जात तुझ्याआधी डॉक्टर व्हायची.

पत्र का नाही? लोभ आहेच, तो चुरगळू न देता ठेवावा.

तुझा,
रविवार गमावलेला मामा


१५ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं दुःख वाचून डोळे पाणावले. तू ओट्याशी उभा राहून जेवतोस हे मी इथल्या खाणावळीत सांगितलं. सगळ्या मुलींनी तुझ्यासाठी एक मिनिट शांतता पाळली, मग भाजी वाढून घेतली.

आता खरी बातमी. फोन केला नाही, कारण फोन खाली आईच्या शिवणाच्या दुकानात आहे आणि तू गुपित ऐकताना अशा काही चेहऱ्यानं हं हं करतोस, की आईला फोनवरचं माणूस न ऐकताही सगळं कळतं. हे पत्र वाचून फाडून टाक.

आमचे सर चालले. दुसऱ्या विद्यापीठात, मोठ्या जागेवर. त्यांनी खोलीतल्या खोक्यांवर चिकटपट्टी लावता लावता मला सांगितलं.

तू म्हणशील, मास्तर गेला तर दुसरा येईल. तसं नाही ना, मामा. आमची ही पदव्यांची इमारत कोणी बांधली कोण जाणे. पहिल्या मजल्यावर दयाळूपणा आहे. एक वर्ष शिकून कंटाळलात, तर प्रमाणपत्र घ्या आणि जा. दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चारही काढली तर मानाची पदवी. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक दार, आणि दाराशी हातात ठेवायला एक कागद. प्रत्येक विषयाचे श्रेयांक मिळतात, ते बरोबर घेऊन दुसऱ्या विद्यापीठातही जाता येतं. दुसऱ्या मजल्यावरही तसंच, फक्त दारं कमी. चार वर्षं चांगली काढली तर दुसरा मजला टाळून थेट तिसऱ्यावर चढता येतं, आणि तेवढी अक्कल मी दाखवली. पण तिसऱ्या मजल्याला दार एकच, ते म्हणजे मार्गदर्शक. तो गेला की तुम्ही वर आणि जिना खाली.

आमच्या विषयात दुसऱ्या एकच बाई आहेत आणि त्यांच्याकडच्या जागा भरलेल्या. त्यांचा एक विद्यार्थी सुटला तर मला घेतील. त्यातला सगळ्यात जुना मी इथं आले तेव्हापासून पुढच्या महिन्यात प्रबंध देतोय. मला एकूण सहा वर्षांची मुदत, त्यातलं पाचवं चालू. दुसरा मार्ग म्हणजे सरांबरोबर जायचं. पण तिथं नाव घातलं की घड्याळ शून्यावर. श्रेयांक चालतात, वर्षं चालत नाहीत. कमीत कमी तीन वर्षं परत. तिसरा मार्ग कचेरीतल्या बाईंनी फारच मायेनं सुचवला: झालं तेवढं काम एकत्र बांधा, दुसरी पदवी घ्या आणि बाहेर पडा. मी वगळलेला मजला आता मला बक्षीस म्हणून मिळणार.

मी सरांबरोबर जायचं ठरवतेय. तीन तर तीन. आई थांबेल, आई काय पळून चालली आहे? तिला मात्र इतक्यात सांगू नकोस. शप्पथ आहे तुला.

आणि एक विचारू? आई बोलता बोलता, न बघता सुई ओवायची. तुला कशाला बोलावते?

माया आहे तेवढी असू दे, वाढवून देऊ नकोस. इथं ठेवायला जागा नाही.

तुझी,
मुंगी


२३ जून

चि. मुंगीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

माझे हात खडूनं माखलेत म्हणून मी सांगते आणि तुझा मामा लिहितोय. (कंसातला मजकूर लेखनिकाचा आहे. हात स्वच्छ आहेत.) इकडे सगळं ठीक. तुमच्या विद्यापीठाचे झगे निम्मे झाले. गेल्या वर्षी एका मुलीची बाही गुडघ्यापर्यंत आली होती, तिचं माप कोणी उतरवून घेतलं होतं देव जाणे. (मी घेतलं होतं.) तुझ्या झग्याचं अंग शिवून झालं, आता बाह्या. तू जेवतेस ना नीट? खांद्याचं माप पाच वर्षांपूर्वीचं आहे, बदललं असेल तर लगेच कळव.

मी उगाच विचारत नाही, पण साधारण कधी होईल गं? महिना सांगितलास तरी चालेल. मला यायचं आहे तेव्हा, पुढच्या रांगेत बसायचं आहे. मागून नीट दिसत नाही. (इथं ती थांबली. मग म्हणाली की मागच्या रांगेतून कोणालाच दिसत नाही, असं लिही.) घाई करू नकोस, पण उशीरही लावू नकोस.

प्रकृतीला जप. मामाचं काही मनावर घेऊ नकोस, तो लिहितो जास्त आणि करतो कमी. (हे मी प्रामाणिकपणे लिहिलं आहे याची नोंद घ्यावी.)

तुझी,
आई


२४ जून

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

कालचं पत्र तिच्यासमोर पाकिटात घातलं. हे मी कार्यालयात, एका जळालेल्या गोदामाच्या कागदांखाली लपवून लिहितोय.

मी दोन बायकांच्या मधलं पोस्ट ऑफिस झालोय. तू मला शपथ घातलीस, पण त्याआधी तुझ्या आईनं घातली होती. आता दोन्ही पाळल्या तर तुम्ही दोघी बुडता. म्हणून आधीची मोडतो. रागाव, पण पूर्ण वाच.

ताईचे डोळे चाललेत. वरून काही दिसत नाही, आतला पडदा मधोमध झिजतोय. डोळ्यांचे डॉक्टर भले आहेत. त्यांनी चित्र काढून समजावलं आणि शेवटी हात बाजूला ठेवले, तेव्हा मला कळलं, कारण मीही पत्राच्या शेवटी तेच करतो. उपाय नाही. ती म्हणते, कापडाला बरोबर मध्ये कसर लागावी तसं दिसतं. कडा शाबूत, मधे भोक. सुईचं नेढं त्या भोकात जातं. समोरच्याचा चेहराही. एखाद्याला बघायचं असेल तर ती हल्ली तोंड फिरवते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. परवा गिऱ्हाइकाला वाटलं, बाई शिष्ट झाल्या. कडा राहतील, उजेड राहील, असं डॉक्टर म्हणतात. चेहरे वर्षभर, फार तर.

तिला एकच हवंय. तीन पट्ट्यांच्या बाहीत तुला उभी राहिलेली बघायची, आणि तेव्हा तुझा चेहरा ओळखू यायला हवा. म्हणून पिशवीतून झगा निघाला. तुला सांगायचं नाही, कारण तू अर्धवट सोडून येशील. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलींचे झगे शिवले, असं ती म्हणाली.

तू सरांबरोबर तीन वर्षं म्हणतेस. तुझ्या आईकडे आयुष्याची वर्षं पुष्कळ आहेत, शंभर काढेल आणि मला सुयांसाठी खालीवर पळवेल. डोळ्यांची तीन नाहीत. काय करायचं ते मी सांगत नाही. मला माहीतच नाही.

तुझा,
मामा


१ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

रागावले होते. दोन पत्रं लिहून फाडली. एकात तुला काय काय म्हटलं होतं ते तुझ्या वयाला शोभलं नसतं.

मी चार वर्षं भिंग लावून एका दगडावरचा ठिपका किती वाढला ते मोजतेय, आणि आई सुट्टीत माझ्याशी बोलताना खिडकीकडे का बघते हे मला दिसलं नाही. मला वाटलं, तिला कंटाळा येतो माझ्या दगडफुलांचा.

मामा, तुला नकाराची भाषा येते, म्हणजे होकाराचं कुलूप कुठं असतं तेही कळत असेल. विद्यापीठाला अर्ज लिहून दे. सरांनी तिथूनच मला मार्गदर्शन करावं, नाव इथलंच राहावं, एवढंच मागायचं. सर तयार आहेत. सहाव्या वर्षात मी प्रबंध देते. आईचे डोळे तोवर टिकतील ना? टिकतील असं लिही, खोटं असलं तरी.

तुझी,
मुंगी


२६ ऑगस्ट

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

हा अर्ज मी जसा लिहिला तसं मी आजवर काही लिहिलेलं नाही. एकेका शब्दाला तेल लावलं. जिथं नाही म्हणायला जागा मिळेल अशी प्रत्येक फट बुजवली. मला त्या सगळ्या ठाऊक, कारण वीस वर्षं मी त्यांतूनच आत-बाहेर करतोय. तू सही करून पाठवलास, त्याला दोन महिने होत आले. तू पाठवलेली उत्तराची प्रत काल मिळाली.

मुंगे, हे पत्र माझ्या जातीच्या माणसानं लिहिलंय. सुरुवातीला तुझ्या जिद्दीचं कौतुक; मीही आधी छपराच्या बांधणीचं कौतुक करतो. मग नियम. गेलेल्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक होता येतं, पण मुख्य मार्गदर्शक इथलाच हवा, आणि इथल्या बाईंकडे जागा नाही. मग वैयक्तिक अडचणींबद्दल सहानुभूती. कोणाच्या अडचणी, ते मोघम ठेवलंय. बरोबर आहे, मीही ठेवतो. आणि शेवटी पुढील वाटचालीस शुभेच्छा. हे वाक्य मी रोज लिहितो. ते स्वतःच्या घरी आलेलं पहिल्यांदाच वाचलं. फार वाईट वाक्य आहे.

त्या माणसाला भेटायचा विचार केला. मग मला भेटायला येणारी माणसं आठवली. टोपी हातात धरून बसतात, मी त्यांना पाणी देतो, आणि काहीही बदलत नाही. त्यानंही मला पाणी दिलं असतं.

ताईनं बाह्या जोडल्या. पट्टे लावायला घेतलेत. मखमलीची उलटी-सुलटी बाजू ती ओठांना लावून ओळखते आता. मी सुया देतो.

तुझा,
मामा


१० सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

बाईंकडचा जुना विद्यार्थी अजून पुढच्या महिन्यातच आहे. मी त्याच्या पाया पडायचं बाकी ठेवलं. तोही बिचारा काय करणार, त्याच्यावर त्याच्या कोणाचं तरी ओझं असेल.

मी कचेरीत जाऊन दुसरी पदवी मागितली. तिथल्या बाईंनी इतक्या झटकन कागद काढले, की मला वाटलं वर्षभर माझ्यासाठी जपून ठेवले होते. झालेलं काम बांधून देईन, परीक्षा तोंडी होईल, दोन महिन्यांत सुटेन. मग घरी येते. तिकडच्या कॉलेजात प्रयोगशाळेत जागा आहे, दुसऱ्या पदवीवर मिळते.

सर म्हणाले, पुन्हा केव्हाही नाव घालता येईल. हो, येईल. आईचा चेहरे बघायचा काळ पुन्हा घालता येणार नाही.

पुढच्या महिन्यात चार दिवस येते, झगा घालून बघायला. तीन पट्टे असू देत. मी काही बोलणार नाही, तूही बोलू नकोस. आईला बघायचं होतं ते बघू दे. खोटं असेल ते झग्यात असेल, माझ्या तोंडात नसेल. तू फक्त खिडकीचा पडदा काढून ठेव.

ओढ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
मुंगी


९ ऑक्टोबर, रविवार

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तू गुरुवारी परत गेलीस. डबा बसमध्ये विसरली नाहीस अशी आशा करतो. तुझ्या आईला डबा परत न येण्याचं दुःख इतर कुठल्याही दुःखाहून मोठं आहे.

झगा घालून तू खिडकीशी उभी राहिलीस, आणि ताईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी पत्रात सांगितलेलं होतं, तरी. आई आपल्याला डोळे भरून बघतेय आणि तोंड भिंतीकडे आहे, हे समोर उभं राहून सोसायला अवघड. मग ती जवळ आली, बाह्या चाचपल्या, खांदा ओढून बघितला आणि सैल आहे म्हणाली, खाणावळ सोड म्हणाली. तू हसलीस. चांगलं हसलीस. मला वाटलं, जमलं आपल्याला.

तू गेलीस त्या संध्याकाळी तिनं झगा मांडीवर घेतला. बोटांनी बाहीवरून वर जात गेली, एक पट्टा, दुसरा पट्टा, तिसऱ्याच्या टोकाशी थांबली, गाठ दातानं तोडली आणि दोरा ओढला. अख्खा पट्टा तिच्या हातात आला. मग दुसरी बाही. मुंगे, खालचे दोन पट्टे मशीनवर पक्के शिवलेत. तिसरा नुसत्या कच्च्या टाक्यावर होता. त्याच्यासाठी ओवलेल्या सुया मीच दिल्या होत्या आणि मला कळलं नाही.

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत. म्हणाली, माहीत काही नव्हतं. गिऱ्हाइकाकडून माप पक्कं येईपर्यंत टाका कच्चाच घालायचा असतो, आणि महिना विचारला तर तू महिना कळवला नाहीस. खात्री मात्र बुधवारी झाली. आरशापुढची ती फरशी ढिली आहे ना, पाय पडला की वाजते. पहिल्या पदवीचा झगा घातलास तेव्हा ती दिवसभर वाजत होती. या वेळी एकदाही वाजली नाही.

मग तिनं मला विचारलं की हे माझ्यामुळे का. मी विमा कंपनीतला माणूस. उत्तर न देता पानभर लिहू शकतो. तिनं वाटही पाहिली नाही. दोन्ही बाह्या माझ्यासमोर धरल्या आणि विचारलं, मखमल काढली तिथं टाक्यांच्या खुणा राहिल्यात का, नीट बघून सांग. मी खिडकीशी नेऊन बघितलं. राहिल्यात. बारीक, पण सरळ रेषेत. तसं सांगितलं. बरं म्हणाली, आणि पट्टे गुंडाळून खडूच्या डब्यात ठेवले.

तुला यातलं काही कळवायचं नाही अशी शपथ आहे. दोन पट्ट्यांचा झगा पाठवायचा आणि खांदा आत घेतला एवढंच लिहायचं. खांदा खरंच आत घेतलाय, मशीनवर. माझी ही तिसरी शपथ. पहिल्या दोन कशा पाळल्या ते तू जाणतेसच. आता तिचं तुला माहीत, तुझं तिला माहीत, आणि तुम्ही दोघी एकमेकींना काही माहीत नाही असं वागणार. मी मधे उभा आहे. मला दुसरं काही येत नाही.

झगा उद्याच्या पोस्टानं निघतो. लवकर ये. आम्हा दोघांवरची तुझी माया इथं रोज वापरात आहे, कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
मामा

ता. क. गेल्या आठवड्यापासून ताई सुया मागत नाही. उशी रिकामीच पडून होती. आज ती उठायच्या आत खाली गेलो, टेबलाशी बसलो आणि तहानंतरच्या सगळ्या रविवारच्या सुया ओवून ठेवल्या. तिला बोललो नाही. काळ्या दोऱ्याच्या थोड्या आहेत. लाल जास्त ओवल्यात.